दोन-सहा

तायडेबाईंनी पहिल्या दिवशी काठी दिलीच नाही.
म्हणाल्या, "आधी पडाले शिका."
विहारामागच्या पटांगणात सोयाबीनचं कुटार पसरलं,
वर पंचायतीची जुनी सतरंजी,
आणि पोरी एकीमागून एक पडत राहिल्या.
हनुवटी छातीला. पाठ गोल.
हात टेकायचा नाही, मनगट जातं.
"भाकर कसी टाकता तव्यावर? कडेकडेनं.
तसं आंग टाका."

मी फक्त पोरीला सोडायला आले होते.
तिची शिकवणी दर्यापूरला, बस फाट्यावर सोडते,
पुढे दीड किलोमीटर पराटी, दोन्हीकडून डोक्याइतकी.
या पटांगणात मी लग्नानंतर पहिल्यांदाच येत होते,
घरापासून दोनशे पावलं.
ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते.
बाई न बघताच म्हणाल्या,
"तुमच्या गुडघ्यात पानी झालं का वो? या अथी."
मी पदर खोचला.

बाई होमगार्डातून निवृत्त.
काठी त्यांच्या बापाची, तेल पाजलेली,
टोकांना पितळेच्या टोप्या.
बापानं ती मुलाला दिली होती.
मुलानं गोठ्याच्या दाराला अडसर केली.
तिथून बाईंनी उचलली,
दार उघडं टाकून.

तिसऱ्या दिवशी आवाज.
"वाचवा-गिचवा नाई म्हनाचं.
त्याचा सदरा सांगाचा. लाल सदरेवाल्या, हात सोड!
म्हंजे पायनाऱ्याले समजते, कोनाले पाह्याचं."
पोरी ओरडल्या, वेशीवरची कुत्री उठली.
माझी पाळी आली
आणि घशातून निघालं
शेळ्या हाकलताना निघतं तेवढंच.
हसल्या सगळ्या. मीही.
मग हापशीवर तोंड धुताना
आमचं खारं पाणी ओठांना लागलं
आणि मी मोजत बसले:
एकोणीस वर्षांत घरात एकदाही
मोठ्यानं 'नाही' म्हटलं नव्हतं.
मारत कोणी नव्हतं.
गरजच पडली नाही,
असं मी सांगत आले.

मनगट सोडवणं त्या मानानं सोपं.
चार बोटं एकीकडे, अंगठा एकटा.
अंगठ्याकडे वळायचं, कोपर पुढे, झटका.
ताकद लागत नाही,
कडी कुठे उघडते ते ठाऊक पाहिजे.
"आन् सुटलं की पयाचं. थांबून भाषन नाई द्याचं."
मग पोरगी धरायची मला, मी तिला,
पीठ मळताना, दावं बांधताना.
एकदा अर्धा शेर दूध सांडलं.
सासू काही बोलल्या नाहीत.
थोड्या वेळानं येऊन
आपलं मनगट पुढे केलं,
"धर बरं."

पौषात बहिरमच्या यात्रेत
कासारानं माझी बोटं चेपून धरली,
साबणाचं पाणी, हिरव्या दोन-चार, नेहमीच्या.
हाडावर अडल्या. त्यानं जोर लावला,
आणि हात आपला आपण वळला
अंगठ्याकडे.
चार बांगड्या फुटल्या.
फुटल्या म्हणत नाहीत, वाढल्या म्हणतात.
म्हाताऱ्याच्या अंगठ्यातून रक्त.
सारा जन्म बायांचे हात धरून पोट भरलेला माणूस,
माझ्याकडे पाहतच राहिला.
मी पदरानं अंगठा दाबून धरला, पैसे काढले,
घेईना. म्हणाला,
"हात रुंदावला बाई तुमचा. कायचं काम करता?"
"शिकून रायली."
"काय?"
मागे हंडीच्या धुरात पोरगी
तोंडाला ओढणी लावून हसत होती.

मी हात पुन्हा त्याच्यापुढे केला,
बोटं ढिली सोडून.
हे बाईंनी शिकवलं नव्हतं अजून.
म्हटलं, दोन-सहाच्या द्या.